कालवाची कुंडली

१८६८ सालची गोष्ट. पोर्तुगालहून कालवं भरून निघालेलं 'मॉर्लेझियँ' हे जहाज वादळामुळे फ्रान्समधल्या जिरोंद नदीच्या मुखात आसऱ्याला थांबलं. मुक्काम लांबला, मालाला वास सुटला, आणि कालवं मेली असं समजून कप्तानाने ती पाण्यात फेकायला लावली. सगळी मेलेली नव्हती. उरलेल्यांनी त्या मचूळ, गढूळ पाण्यात असं बस्तान बसवलं की पुढची शंभर वर्षं फ्रान्सच्या कालवशेतीचा मोठा भार याच 'पोर्तुगीज' कालवांनी वाहिला. नावाबद्दल कुणाला शंका नव्हती. लामार्कसारख्या निसर्गशास्त्रज्ञाने १८१९ मध्ये या जातीचं वर्णन लिहून ठेवलं होतं आणि पोर्तुगालच्या किनाऱ्यावर ती पिढ्यान्‌पिढ्या दिसत होती.

१९९० च्या दशकात या कालवाच्या तंतुकणिकेतल्या डीएनएचा एक लहानसा तुकडा वाचला गेला. तो युरोपातल्या कोणत्याही मूळच्या कालवाशी जुळेना. जुळला तो थेट तैवानच्या कालवाशी. म्हणजे पोर्तुगीज कालव पोर्तुगालचं नव्हतंच. पूर्वेकडून परतणाऱ्या पोर्तुगीज जहाजांच्या बुडाला चिकटून ते कधीतरी तिकडे पोचलं असावं, असा आता तर्क आहे. ती जहाजं गोव्याला थांबत थांबत जात. तेव्हा या पाहुण्याने वाटेत मांडवीचं पाणीही चाखलं असेल.

शेलफिशच्या, म्हणजे कालवं, शिंदाणे, तिसऱ्या, कोळंबी, चिंबोऱ्या अशा कवचवाल्या जलचरांच्या शेतीत रेणवीय जीवशास्त्राने काय दिलं याचा हिशेब मांडायचा तर सुरुवात इथून करावी लागते. 'जनुकं बदलून नवं वाण घडवलं' ही बातमी वर्तमानपत्राला आवडते, पण प्रत्यक्षात या शास्त्राची बहुतेक कमाई ओळख पटवण्यात आहे. हे कोण आहे, ते कशाने मेलं, याचे आईबाप कोण, या तीन प्रश्नांची उत्तरं आधी मिळाली. सुधारणा झाली ती त्या उत्तरांच्या खांद्यावर बसून. जिथे हा क्रम उलटा झाला, तिथे महागडं यंत्र नुसतं शोभेला राहिलं.

शिंपला पाहून जात कळत नाही

ओहोटीला पाणी उतरलं की कोकणातल्या खडपांवर बायका कालवं काढायला बसतात. टोकदार लोखंडी हत्याराने वरचं कवच उचकटायचं, आतला गर डब्यात टाकायचा, खालचं कवच खडकालाच राहू द्यायचं. तासाभराने खडकाकडे नीट पाहिलं तर उरलेल्या कवचांत एकासारखं दुसरं दिसत नाही. मोकळ्या जागेवरचं कालव गोलसर पसरतं, दाटीत अडकलेलं उंच आणि अरुंद होतं, लाटांच्या माऱ्यातलं जाड होतं. कालवाचं कवच म्हणजे त्याच्या जागेची हकिकत असते, कुळाची नव्हे. जुन्या शास्त्रज्ञांनी कवचांवरूनच जाती ठरवल्या, त्यामुळे एकाच जातीची चार नावं आणि चार जातींचं एक नाव असा घोळ जगभर झाला.

२००३ मध्ये कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांनी तंतुकणिकेतल्या एका ठरावीक जनुकाचा तुकडा प्राण्यांची ओळख पटवायला वापरावा असं सुचवलं. दुकानातल्या मालावर पट्ट्यांची खूण असते, तशी ही प्रत्येक जातीची खूण, म्हणून 'डीएनए बारकोड'. कालवांच्या घोळावर हा उतारा चांगला लागू पडला. २०१६ मध्ये तर डीएनएच्या आधारे आशियाई कालवांचा गटच अमेरिकी भाऊबंदांपासून वेगळा काढून त्याला 'मॅगालाना' हे नवं नाव देण्यात आलं. आपल्या पाठ्यपुस्तकांतलं 'क्रासोस्ट्रिया मद्रासेन्सिस' आता 'मॅगालाना बायलिनिएटा' आहे, आणि महाराष्ट्राच्या खाड्यांत मिळणारं 'ग्रिफॉइडिस' हेही मॅगालाना झालं आहे.

हा नुसता नावांचा खेळ वाटेल, पण चिंबोरीचं उदाहरण पाहा. खाडीतल्या मोठ्या चिखली खेकड्याला अनेक दशकं 'स्किला सेराटा' म्हणत आणि त्याच नावाखाली वेगवेगळ्या जाती मोजल्या जात. १९९८ मध्ये क्लाइव्ह कीनन आणि सहकाऱ्यांनी प्रथिनं आणि डीएनए तपासून या वंशात चार जाती आहेत हे मांडलं. भारतातल्या तपासणीत दिसलं की आपल्याकडे मुख्यतः दोन आहेत: हिरवट, मोठी होणारी सेराटा आणि तांबूस, लहान राहणारी ऑलिव्हेसिया. आधीच्या भारतीय लेखनात ही नावं अदलाबदल होऊन पडली होती. शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. तळ्यात किंवा पेटीत सोडलेलं पिल्लू किती किलोचं होणार, हे त्याला चारा किती घातला याच्या आधी ते कोण आहे यावर ठरतं.

मेलं कशाने?

दुसरा प्रश्न पहिल्याहून अवघड आहे. माणसाला किंवा कोंबडीला विषाणूचा रोग झाला तर तो विषाणू प्रयोगशाळेत पेशींवर वाढवून अभ्यासता येतो. समुद्री शिंपल्यांच्या पेशी अशा अखंड वाढवत ठेवण्याची युक्ती अजून साधलेली नाही. मृदुकाय प्राण्यांत अशी पेशींची एकच जुनी मालिका आहे, ती १९७० च्या दशकातली आणि गोड्या पाण्यातल्या गोगलगायीची. त्यामुळे कालवाच्या विषाणूचा माग काढायचा तर त्याच्या डीएनएचाच माग काढावा लागतो. इथे पीसीआर कामाला येतं. नळीतलं मिश्रण ९५ अंशांपर्यंत तापवायचं, निववायचं, पुन्हा तापवायचं. दर फेरीला हवा तो तुकडा दुप्पट होतो, आणि तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींच्या वर होतात. पाण्यात हरवलेली सुई सुयांच्या ढिगाएवढी होते.

अमेरिकेत १९५७ मध्ये डेलावेअर उपसागरातली कालवं मरू लागली. दोन-तीन वर्षांत खालच्या भागातली दहापैकी नऊ गेली. सूक्ष्मदर्शकात अनेक केंद्रकांचा एक अनोळखी गोळा दिसला, त्याला 'एमएसएक्स' म्हटलं गेलं. शेवटचा 'एक्स' म्हणजे 'ठाऊक नाही'. पुढे त्या परजीवीला शास्त्रीय नाव मिळालं, पण तो आला कुठून हे २००० सालापर्यंत कळलं नव्हतं. त्या वर्षी डीएनए जुळवून दिसलं की हाच परजीवी आशियातल्या पॅसिफिक कालवात असतो. तिथे तो फार त्रास देत नाही. नव्या खंडातल्या नव्या यजमानाच्या अंगात तो काळ झाला. मधल्या काळात रटगर्स विद्यापीठाच्या हॅरॉल्ड हॅस्किन यांनी मात्र वाट पाहिली नाही. साथीतून वाचलेली कालवं घेऊन त्यांची पिल्लं, त्या पिल्लांतली वाचलेली, अशी त्यांनी पैदास चालवली आणि तग धरणारी कुळं तयार केली. डीएनएचा एक तुकडाही न वाचता. ही गोष्ट पुढे लक्षात ठेवायची आहे.

२००८ मध्ये फ्रान्सवर पुन्हा संकट आलं. पोर्तुगीज कालवं १९७० च्या आसपास विषाणूच्या साथीत संपली होती आणि त्यांच्या जागी जपान आणि कॅनडातून पॅसिफिक कालव आणलं होतं. आता त्याची पिल्लं मरू लागली. काही वाफ्यांत शंभरातली चाळीस, काहींत जवळपास सगळी. कारण नागीण विषाणूच्या दूरच्या कुळातला एक विषाणू, त्याचा नवा, अधिक घातक अवतार. युरोपात पाणी १६ अंशांच्या वर तापलं की तो जोर धरतो. २०१० मध्ये तो न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या जॉर्जेस नदीत पोचला, २०१६ मध्ये टास्मानियात.

या रोगाचा उलगडा हा रेणवीय तंत्रांच्या एकत्र वापराचा नमुना म्हणावा लागेल. फ्रान्समधल्या चमूने तग धरणारी आणि न धरणारी कालव-कुटुंबं एकाच वेळी रोगाला सामोरी ठेवली, आणि तासातासाला कोणती जनुकं चालू आहेत, शरीरात कोणते जिवाणू वाढताहेत हे वाचलं. २०१८ मध्ये चित्र स्पष्ट झालं. विषाणू आधी कालवाच्या रक्तपेशी गाठतो आणि त्याचं संरक्षण ढिलं करतो. मग एरवी निमूटपणे राहणारे जिवाणू आत घुसतात आणि जीव घेतात. घर फोडणारा एक, लुटणारे दुसरे. तग धरणाऱ्या कुटुंबात विषाणूला पहिल्याच टप्प्यावर अडवलं जातं, म्हणून पुढचा सगळा अनर्थ टळतो.

कोळंबीच्या तळ्यांवर ही तंत्रं आणखी लवकर पोचली. १९९० च्या दशकाच्या मध्याला भारतात 'व्हाइट स्पॉट' विषाणूने पूर्व किनाऱ्यावरची तळीच्या तळी ओस पाडली. तेव्हापासून बीज घेताना पीसीआरचा रिपोर्ट मागण्याची रीत पडली. कोविडमध्ये हा शब्द घराघरात गेला, कोळंबीवाल्यांना तो आधीच पाठ होता. २००९ नंतर भारतात आलेली व्हेनामी कोळंबी तर या चाचणीच्या पायावरच उभी आहे. परदेशातून येणारे रोगमुक्त जनक आधी चेन्नईच्या विलगीकरण केंद्रात तपासले जातात, मग हॅचरीला मिळतात.

त्याच कोळंबीत ओळखीचा प्रश्न आणखी एक पायरी खाली उतरला. २००९ पासून चीन, मग व्हिएतनाम, थायलंड, मेक्सिको इथे पिल्लं सोडल्यावर महिनाभरातच मरू लागली. २०१३ मध्ये ॲरिझोना विद्यापीठातल्या डोनाल्ड लाइटनर यांच्या गटाने गुन्हेगार दाखवला: व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस. पण हा जिवाणू तर समुद्रात सगळीकडे असतो! पुढच्या दोन वर्षांत कळलं की विष तयार करणारी जनुकं जिवाणूच्या मुख्य डीएनएत नसून एका सुट्या वर्तुळाकार तुकड्यावर आहेत, आणि तो तुकडा एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातो. शोधायचा तो प्राणी नव्हे, त्याच्या खिशातला सुरा.

सगळ्यांत चक्रावणारी ओळख मात्र अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या एका शिंपल्याची. त्याच्यात रक्ताच्या कर्करोगासारखा आजार दिसे. २०१५ मध्ये त्या रोगट पेशींचा डीएनए तपासला तर तो ज्या शिंपल्याच्या अंगात त्या होत्या त्याच्याशी जुळला नाही. सगळ्या रोगी शिंपल्यांतल्या पेशी एकमेकींशीच जुळल्या. म्हणजे कर्करोगाच्या पेशीच पाण्यातून एका शिंपल्यातून दुसऱ्यात जात होत्या. पुढच्याच वर्षी एका जातीचा असा कर्करोग दुसऱ्या जातीत गेल्याचंही दिसलं.

या चाचण्यांची एक मर्यादा सांगायलाच हवी. पीसीआर डीएनए किंवा आरएनए ओळखतं, जिवंतपणा नाही. कालव दिवसभर पाणी गाळतं आणि सांडपाण्यातला नोरोव्हायरस त्याच्या आतड्यात साचतो. युरोपात कालवं कच्ची खातात, म्हणून तिथे ही चाचणी महत्त्वाची. पण चाचणीत मेलेल्या विषाणूचे अवशेषही मोजले जातात. आकडा आला म्हणून माणूस आजारी पडेलच असं नाही, आणि कमी आला म्हणून निर्धास्त व्हावं असंही नाही. शेवटी खाडीत सांडपाणी न सोडणं हाच उपाय उरतो, आणि तो कोणत्याही नळीत मिळत नाही.

कुंडली मांडली तेव्हा

२०१२ मध्ये चीनमधल्या छिंगदाओच्या समुद्रविज्ञान संस्थेने इतरांसह पॅसिफिक कालवाचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध केला. हे काम फार किचकट निघालं. आपल्याला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून, आणि माणसात त्या बऱ्याच सारख्या असतात. कालवात त्या दोन प्रतींत इतका फरक असतो की तुकडे जोडताना कोणता कुठला हेच संगणकाला उमजेना. शेवटी चार पिढ्या सख्ख्या भावंडांत पैदास करून फरक कमी केलेलं कालव निवडावं लागलं.

कुंडलीत काय दिसलं? सुमारे २८ हजार जनुकं. त्यांतली उष्णतेच्या माऱ्यात प्रथिनांना सावरणाऱ्या एका घराण्याची ८८. माणसात तीच १७ च्या आसपास. पेशीची आत्महत्या रोखणारी जनुकं ४८, माणसात ८. ओहोटीला उन्हात तापणारा, पावसाळ्यात गोड्या पाण्यात सापडणारा, जागचा हलू न शकणारा हा प्राणी. पळ काढता येत नाही म्हणून त्याने सोसण्याची सगळी हत्यारं अंगातच जमवली आहेत.

नंतर कोळंबी, मोतीकालव, शिंदाणे अशा अनेकांच्या कुंडल्या आल्या. २०२० मध्ये भूमध्य समुद्रातल्या शिंदाण्याच्या अभ्यासात तर आणखी वेगळं निघालं. सुमारे २० हजार जनुकं काही शिंदाण्यांत आहेत आणि काहींत मुळीच नाहीत. एका प्राण्याची कुंडली म्हणजे जातीची कुंडली हे समीकरणच इथे मोडतं. भारतात कोचीच्या केंद्रीय समुद्री मत्स्यिकी संशोधन संस्थेने २०२३ मध्ये हिरव्या शिंदाण्याचा जनुकसंच त्याच्या १५ गुणसूत्रांपर्यंत बांधून दिला. केरळात शिंदाण्याची शेती १९९० च्या दशकापासून रुजली आहे, तेव्हा ही कुंडली अभ्यासापुरती नाही. तिला लग्न जुळवायची जागाही आहे.

तीन संच

बाजारात सर्वांत ठळक दिसणारी सुधारणा मात्र जनुकांच्या नव्हे, गुणसूत्रांच्या पातळीवरची आहे. प्रजननाच्या काळात कालवाचा गर अंड्या-शुक्राणूंनी भरतो, मग ते सोडून कालव पाणचट होतं. इंग्रजी महिन्याच्या नावात 'आर' नसेल तेव्हा कालव खाऊ नये, या युरोपातल्या जुन्या म्हणीमागचं हेही एक कारण. कालव प्रजननच करणार नाही असं झालं तर?

कालवाच्या पेशीत दहा-दहा गुणसूत्रांचे दोन संच असतात. अंड्यात शुक्राणू शिरला की अंडं आपली जादा गुणसूत्रं दोन बारीक कणांच्या रूपाने एकामागून एक बाहेर टाकतं. दुसरा कण बाहेर पडायची वेळ हेरून, काही मिनिटांच्या त्या संधीत, अंड्यांना एका रसायनाच्या पाण्यात ठेवलं की तो कण आतच राहतो आणि तिसरा संच अंगी लागतो. एकूण गुणसूत्रं ३०. तीनाचे दोन समान भाग होत नाहीत, म्हणून असं कालव जवळपास वांझ होतं आणि खाल्लेलं अंगाला लावतं. मेन विद्यापीठात १९८१ मध्ये स्टँडिश ॲलन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी कालवात हे करून दाखवलं. पण घड्याळ एक-दोन मिनिटं चुकलं की बॅचमध्ये साध्यांची भेसळ होई. १९९४ मध्ये शिमिंग ग्वो आणि ॲलन यांनी तोडगा काढला. चुकून अंडी देणाऱ्या त्रिगुणित मादीपासून त्यांनी चार संचांची कालवं मिळवली. चार संचांचा नर आणि दोन संचांची मादी यांची सगळीच पिल्लं तीन संचांची होतात, रसायनाला हात न लावता.

यात बाहेरचं जनुक काहीच येत नाही. बिनबियांच्या कलिंगडाला जो न्याय, तोच याला. तरीही निर्धास्त होता येत नाही. अलीकडच्या काही वर्षांत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्याच्या तोंडावर त्रिगुणित कालवंच अधिक मेल्याच्या घटना घडल्या आहेत. गर भरला, पण सोसण्याचं बळ तितकं वाढलं का, हा प्रश्न मोकळाच आहे. शिवाय या बियाण्यातून पुढची पिढी मिळत नाही, दर वर्षी हॅचरीकडेच जावं लागतं. संकरित बियाण्याचं अर्थकारण शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही.

आईबाप कोण?

निवड-पैदाशीचं गणित कोंबडी-गाईत सोपं वाटतं, कारण कुणाचं वासरू कोणतं हे दिसतं. कालवाची मादी एका वेळी कोट्यवधी अंडी सोडते आणि त्यांतून निघणारे डिंभ, म्हणजे अगदी कोवळी पिल्लं, केसाच्या जाडीएवढे. त्यांना बिल्ला लावणार कुठे? टाकीत पन्नास नर-माद्या एकत्र सोडल्या तरी पुढची पिढी त्यांतल्या मोजक्यांचीच असते. डेनिस हेजकॉक यांनी १९९४ मध्ये याला लॉटरीची उपमा दिली. तिकिटं सगळ्यांची, बक्षीस दोघा-चौघांना. हॅचरीत हे लक्षात आलं नाही तर मालकाला वाटतं आपल्याकडे पन्नास जनक आहेत, आणि दोन-तीन पिढ्यांत भावंडांतच लग्नं लागत राहतात. कालवाच्या जनुकसंचात दडलेले दोष खूप असतात, ते भावंडांच्या संततीत उघडे पडतात आणि वाढ खुंटते.

इथे डीएनएने खरं काम केलं. जनक कालवाला मॅग्नेशियम क्लोराइडच्या सौम्य द्रावणात ठेवलं की त्याचा स्नायू सैल पडतो, शिंपला आपोआप उघडतो. चिमट्याने आवरणाच्या कडेचा तिळाएवढा तुकडा घ्यायचा, अल्कोहोलच्या कुपीत टाकायचा, कालवाला पुन्हा स्वच्छ पाण्यात सोडायचं. थोड्या वेळात ते मिटतं, जणू काही झालंच नाही. त्या तुकड्यातल्या खुणा पिल्लांच्या खुणांशी ताडल्या की सगळी पिल्लं एकाच टाकीत वाढवूनही कोण कुणाचं हे सांगता येतं. आधी प्रत्येक कुटुंबाला वेगळी टाकी लागे, आणि मग कुटुंब चांगलं की टाकी चांगली हेच कळत नसे.

पुढची पायरी २००१ मध्ये म्यूविसेन, हेज आणि गोडार्ड यांनी गाईगुरांसाठी मांडली. एखाद्या गुणाला जबाबदार असलेलं एकच जनुक शोधत बसू नका, सगळ्या जनुकसंचावर पसरलेल्या हजारो खुणा एकदम घ्या. काही कुटुंबं रोगाला सामोरी ठेवून कोणत्या खुणांचा मेळ तगण्याशी बसतो हे एकदा ठरवा, मग इतरांची नुसती खूणपट्टी पाहून त्यांचा अंदाज बांधा. कालवासाठी अशा खुणांच्या चिप २०१७ मध्ये तयार झाल्या. पुढे असंही दिसलं की हजार-दोन हजार खुणाही बहुतेक वेळा पुरतात, म्हणजे खर्च आवाक्यात येऊ शकतो.

पण अंदाज बांधायला आधी कुटुंबं हवीत, त्यांची नोंद हवी, आणि रोग खरोखर असलेलं पाणी हवं. ऑस्ट्रेलियातल्या पैदासकारांनी विषाणू टास्मानियात पोचायच्या आधीच तगणाऱ्या कुटुंबांची निवड सुरू केली होती, म्हणून २०१६ च्या फटक्यानंतर त्यांना शून्यातून उभं राहावं लागलं नाही. हॅस्किन यांनी १९६० च्या दशकात जे केलं त्याचाच हा वेगवान अवतार. डीएनएने वेग दिला, अचूकपणा दिला. वही मात्र माणसालाच लिहावी लागली.

कात्री आणि मोती

जनुकं थेट कापणाऱ्या क्रिस्पर तंत्राने २०१९ मध्ये चीनमध्ये पॅसिफिक कालवाच्या डिंभांत स्नायूंची वाढ आवरणाऱ्या जनुकावर काम झालं. पण कोट्यवधी अंड्यांतल्या मोजक्या अंड्यांना सुई टोचणं, त्यांतून जगलेले डिंभ वाढवणं, आणि बदल सगळ्या अंगात पसरला आहे का हे पाहणं, हे सारं बाजारापासून फार लांब आहे. शिवाय कालवाला कुंपण नाही, त्याची अंडी भरतीबरोबर जातात. भारतात २०२२ मध्ये काही प्रकारच्या जनुक-संपादनाला नियमांत सवलत मिळाली ती वनस्पतींपुरती, प्राण्यांना नाही. आज या कात्रीचा उपयोग एखादं जनुक काय करतं हे समजून घेण्यापुरताच आहे.

लसीचं मात्र एक अनपेक्षित दार किलकिलं झालं आहे. कालवाला आपल्यासारखी प्रतिपिंडं नसतात, म्हणून लस टोचून उपयोग नाही असं मानलं जाई. पण विषाणूसारखा भासणारा कृत्रिम आरएनए टोचला तर कालव महिनोन्‌महिने नागीण-विषाणूला तोंड देतं, असं प्रयोगांत दिसलं. लाखो पिल्लांना टोचायचं कसं, हा पुढचा प्रश्न.

मोत्यांतही ओळखीचाच प्रश्न आहे. मोती तयार करताना एका कालवाच्या आवरणाचा तुकडा कापून मण्यासोबत दुसऱ्या कालवात बसवतात. मग मोत्याची झळाळी कुणाची? दोन वेगळ्या जातींची कालवं वापरून आणि मोत्याच्या पिशवीत कुणाची जनुकं चालू आहेत हे वाचून उत्तर मिळालं: तुकडा देणाऱ्याची. म्हणजे रंग-झळाळीसाठी दाता निवडायचा आणि तब्येतीसाठी पोशिंदा. २००९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी मोत्याचा थर रचणारं 'पिफ' हे प्रथिन शोधलं. ते तयार होणं थांबवलं की थर विस्कटतो.

आपल्या खाड्यांत

डीएनएचं कौतुक करताना अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातली नेटार्ट्स खाडी आठवावी. तिथल्या व्हिस्की क्रीक हॅचरीत २००७-०८ मध्ये डिंभ मरू लागले. आधी जिवाणूवर संशय गेला. खरं कारण निघालं समुद्राच्या खोल भागातून वर येणारं, कार्बन डायऑक्साइडने आम्लतेकडे झुकलेलं पाणी. डिंभांना कवच बांधता येत नव्हतं. उपाय झाला तो सामू मोजणारं यंत्र आणि पाण्यात धुण्याचा सोडा. प्रत्येक रोगाचं मूळ जनुकात नसतं.

महाराष्ट्रात कालव-अभ्यासाची परंपरा आहे. केळव्याच्या खाडीतल्या कालवांवर डी. व्ही. बाळ आणि व्ही. एस. दुर्वे यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला काम केलं होतं. २०१७ पासून राज्याच्या कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजनेत बचतगट खेकडा, कालवं आणि शिंदाणे पाळू लागले. शिंदाणे दोरीला, कालवं तराफ्याखाली. यात कालवं-शिंदाण्यांचं बीज मुख्यतः निसर्गातून गोळा होतं. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय, दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था अशी ठिकाणं किनाऱ्यावरच आहेत. मग कमी काय आहे?

कमी आहे ती साखळी. जगाच्या अनुभवातून तिचा क्रम मिळतो. आधी खाडीवार ओळख: कोणत्या खाडीत कोणतं कालव, आणि एका दोरीवर किती जाती मिसळल्या आहेत. मग रोगाची पाळत, विशेषतः बीज एका खाडीतून दुसरीकडे नेताना. पर्किन्सस या परजीवीची एक जात भारतातल्या मोतीकालवात २०१० मध्ये डीएनएने निश्चित झाली आहे. डेलावेअरमध्ये जे झालं ते अशाच न पाहता नेलेल्या मालातून झालं असण्याची शक्यता मोठी. मग पुरेसे जनक आणि वंशावळीची वही असलेली हॅचरी. त्यानंतर निवड. त्रिगुणित कालवं त्याच्याही पुढची, आणि कात्री तूर्त प्रयोगशाळेतच बरी.

काही जण म्हणतात, आपण मागे आहोत तर थेट शेवटच्या पायरीवर उडी का मारू नये? मोबाइल आला तेव्हा गावांनी लँडलाइनची वाट पाहिली नाही. पण खुणांची चिप म्हणजे मोबाइल नव्हे. तिला आधी त्याच पाण्यातली, त्याच जातीची, नोंद केलेली कुटुंबं खायला लागतात. फ्रान्सच्या कालवावर शिकलेला अंदाज वेंगुर्ल्याच्या खाडीत चालणार नाही.

सुरुवात अगदी साधी आहे. ओहोटीला खडपावरून किंवा तराफ्यावरून वीस-पंचवीस कालवं घ्यायची, प्रत्येकाचा तिळाएवढा तुकडा अल्कोहोलच्या कुपीत टाकायचा. कुपीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर खाडीचं नाव, तारीख, खडक की तराफा, बीज कुठून आणलं, हे पेन्सिलीने लिहायचं, कारण अल्कोहोलने शाई पुसते. आतला डीएनए आज ना उद्या कोणतंही यंत्र वाचून दाखवेल. चिठ्ठीवरचं मात्र कोणतंही यंत्र सांगणार नाही. पोर्तुगीज कालवाचं गाव १८१९ पासून पुढे पावणेदोनशे वर्षं चुकीचं लिहिलं गेलं, ते त्याच्यासोबत अशी चिठ्ठी कुणी पाठवली नव्हती म्हणून.